दुसरा डबा

खरवस जमला की नाही हे बघायला बोट लावतात, तसं शिवगंगानं डब्यात बोट लावलं. बोटावर पांढरा मोजा होता आणि डब्यात खरवस नव्हता, रबर होतं. काल पातळ ओतलेलं. भट्टीतून निघाल्यावर ते घट्ट व्हायला हवं होतं. दाबलं की दबावं, सोडलं की हसत वर यावं, असं. ते बोटाला चिकटलं. बोट उचललं तर काकवीसारखी तार निघाली.

तिनं दुसऱ्या कोपऱ्यात दाबून पाहिलं. तिथंही तेच.

"तळाला जमलंय," ती स्वतःशीच म्हणाली, "वरच न्हाय."

शिवगंगा इंजिनियर होती, इलेक्ट्रिकलची. सांगलीत शिकली, जयसिंगपूरहून एसटीनं ये-जा करून. लग्न होऊन कोल्हापुरात शाहूपुरीत आली. नवरा शशिधर, त्याचं सरकी-पेंडीचं दुकान. सासरच्यांनी नोकरीला हरकत घेतली नाही, कारण सून दिवसभर घरात राहिली तर आक्काशी, म्हणजे सासूशी, बोलत बसेल आणि मग स्वयंपाक कोण करणार, असा त्यांचा साधा हिशेब होता. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत धैर्यशील घोरपड्यांची शेड होती. तिथं ती लागली ती लागलीच. सोळा-सतरा वर्षं साखर कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर, पंपांचे स्टार्टर, घरातल्या टीव्हीला लावायचे स्टॅबिलायझर. मग एकदा बंगळूरच्या अवकाश केंद्रातली माणसं येऊन शेड बघून गेली, आणि शेडीच्या एका कोपऱ्यात काचेची खोली उभी राहिली. त्या खोलीत जाताना सकाळच्या लिंगपूजेचं कपाळावरचं भस्म ओल्या रुमालानं पुसायचं, केस टोपीत घालायचे, चपला बाहेर. "देवळात जातानासारखंच की," आक्का म्हणाल्या होत्या, "फक्त भस्म तेवढं उलटं."

त्या खोलीत हा डबा होत होता. ॲल्युमिनियमचा, जेवणाच्या डब्याएवढाच. उपग्रहावर एक यंत्र बसायचं होतं, आकाशातून येणारे एक्स-रे मोजणारं. त्याला दोन हजार व्होल्ट लागायचे आणि उपग्रहावर मिळायचे अठ्ठावीस. अठ्ठावीसाचे दोन हजार या डब्यानं करायचे. आता वीज ही जातच उनाड. खाली हवेचा दाब आहे तोवर गपगुमान तारेत बसते. वर जाताना हवा विरळ झाली की एका तारेवरून दुसरीवर उडी मारते, आणि अशी एक उडी पुरे होते. तिथं वर जाऊन फ्यूज कोण बदलणार? म्हणून आतला प्रत्येक भाग रबरात बुडवून टाकायचा. रबर जमलं तर डबा. नाही जमलं तर भंगार.

असे दोन डबे करायचे होते. पहिला संक्रांतीच्या सुमाराला बंगळूरला गेला, तपासून झाला, यंत्रात बसलाही. हा दुसरा, राखीव. पहिल्याला काही झालं तर असावा म्हणून.

नात्यागोत्यात शिवगंगाची ओळख 'रॉकेट करणारी सून' अशी होती. ती सांगून दमली होती की रॉकेट नाही, उपग्रह नाही, त्यातलं यंत्रही नाही, त्या यंत्राला वीज देणारा डबा. "म्हंजे रॉकेटच की," लोक म्हणायचे. तिनं नाद सोडला होता. पण एक गोष्ट ती कुणालाच बोलली नव्हती. तिनं आजवर केलेलं सगळं कुठं ना कुठं चिखलात, उसाच्या मळीत, विहिरीवरच्या मोटारीच्या कोपीत पडून होतं. हा एक पहिला डबा तेवढा वर जायचा होता. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं असं काही उरी बाळगावं हे तिचं तिलाच जरा पोरकट वाटायचं.

तिनं बंगळूरला फोन लावला. तिथं तिचं काम बघणारा अमरेश हिरेमठ बेळगावकडचा होता. मराठी बोलायचा, कन्नड हेल काढून.

"चिकटतंय? वरून?" तो म्हणाला. "मेडम, दोन्ही डब्यांचं रबर एकाच टिनमधलं ना?"

"एकाच."

"मग अवघड आहे. टिन खराब असेल तर पहिला डबा पण आज ना उद्या सुटणार. तो काढावा लागेल."

"पहिला चांगला जमलाय. तुम्हीच तपासलाय."

"तेव्हा जमला. पुढं काय होईल ते कसं सांगणार? कापून बघता येत नाही. बाहेरून आणलेला एक आहे आमच्याकडं, वजनाला जास्त आहे, पण आहे. कारण सापडलं तर सांगा. या महिन्यात बैठक आहे. कारण नसेल तर पहिला निघाला म्हणून समजा."

शिवगंगानं फोन ठेवला. धैर्यशीलदादा दारात उभेच होते. आडवा बांधा, हातात किल्ल्यांचा जुडगा, आवाज प्रेस मशीनवर चढेल असा.

"काय म्हणतोय?"

"कारण सांगा म्हणतोय."

"सांगून टाका की टिन खराब हाय म्हणून! परदेशी कंपनी. तिला काय ताप येतोय व्हय?"

"तिला न्हाय येत दादा, पण आपला पहिला डबा जातोय. त्याच टिनातला हाय तो."

दादांनी किल्ल्या वाजवल्या. त्यांना अडचणीत दुसरं काही सुचत नसे.

शिवगंगानं त्याच टिनमधलं रबर कालवून दोन कपांत ओतलं. एक टेबलावर ठेवला, एक भट्टीत. भट्टी म्हणजे काचेच्या खोलीबाहेरचं लोखंडी कपाट, आत पंखा आणि गरम तारा, साठ अंशांवर लावून ठेवायचं. टेबलावरचा कप दुसऱ्या दिवशी असा जमला, की उपडा केला तरी पडेना. भट्टीतला वरून चिकट.

म्हणजे टिन चांगला, भट्टी नासलेली. तिनं लगेच अमरेशला कळवलं. तो खूश होईल असं तिला वाटलं होतं.

"भट्टी कधीपासून खराब आहे?" त्यानं विचारलं.

"ते कसं सांगू?"

"पहिला डबा पण त्याच भट्टीत होता ना? मग काय झालं, कधी झालं, दोन्ही पाहिजे मेडम. नाहीतर माझे साहेब म्हणणार, भट्टी तेव्हापासूनच खराब."

मग शिवगंगा भट्टीच्या मागं लागली. या रबराला कशाकशाचं वावडं असतं ते पुस्तकात होतं: गंधक, काही रसायनं, हातातले साधे रबरी मोजे, वायरीच्या काही टेपा. नव्या नवरीला सासरी सगळ्याच गोष्टींचं वाईट वाटावं, तसं नाजूक काम. तिनं शेडीतल्या एकेकाला विचारलं. सगळ्यात आधी धोंडुबाईला.

धोंडुबाई वायंडिंगला होती. तारेचे वेढे घालायचे, मोजायचे. हात सुतासारखा सरळ आणि तोंड त्याच्या उलट. शाहूपुरीत शिवगंगाच्याच गल्लीत राहायची. घरी शिवगंगाला 'वैनी' म्हणायची आणि शेडीत 'म्याडम'.

"धोंडुबाई, भट्टीत कुणी काय ठेवलंतं का? काही केमिकल?"

"केमिकल? न्हाय बाई. माझ्या देखत तरी न्हाय."

"डबल टेप? काळी? पिवळी?"

"न्हाय की म्याडम. देवाशपथ."

धोंडुबाई खोटं बोलणारी नव्हती, आणि बोललीही नव्हती. शिवगंगानं भट्टी स्पिरिटनं पुसली, पंखा उतरवून पुसला, रिकामी तापवली, पुन्हा कप ठेवला. पुन्हा चिकट, थोडा कमी, पण चिकट. बैठक जवळ येत चालली. दादा रोज काचेवर टकटक करून भुवया उडवायचे, ती मान हलवायची. शेवटी त्यांनी भुवया उडवायचंही सोडलं.

त्याच आठवड्यात पेठ वडगावहून बाळाबाई मावशी आल्या, आक्कांची धाकटी बहीण. दोघी बहिणी भेटल्या की एकमेकींच्या घरातलं खाऊन बघत आणि नावं ठेवत; त्याशिवाय त्यांना भेटल्यासारखं वाटत नसे. रात्रीचं जेवण चाललं होतं. भाकरी, अख्खा मसूर, आणि ताटाच्या कडेला कांदा-लसूण मसाल्याचा गोळा, वर कच्चं तेल. शिवगंगानं त्याच्यासोबत दीड भाकरी संपवली होती. यंदाचा मसाला खमंग उतरला होता. तिनं तसं दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

बाळाबाईंनी बोटाला लावून चाखलं, जिभेवर फिरवलं आणि नाइलाजानं म्हणाल्या, "बरा हाय."

"बरा?" आक्का म्हणाल्या. "औंदा सगळ्यांचा मसाला सादळला, तुझा बी सादळला आसंल. आमच्यात पाण्याचा थेंब सापडायचा न्हाय."

"वळीव तुमच्यावर पडला न्हाय व्हय? वडगावात तर गारा पडल्या."

"पडला की! रविवारी कांदा, लसूण, खोबरं, समदं वाळत घातलंतं गच्चीवर. आभाळ आलं तवा मी आन् धोंडी नुसत्या पळत सुटलो. भिजलं ते भिजलंच. म्या म्हटलं, गेला औंदाचा मसाला." आक्कांनी घास घेतला, चावला, बहिणीला ताटकळत ठेवलं. "तर धोंडी म्हनली, आक्का, रडतासा कशाला, आमच्या कंपनीत विमानाची भट्टी हाय. पोत्यात भरून घिऊन गेली. सांजच्याला आणलं तर असं कुरकुरीत, की हातात चुरा व्हतोय! मग दुसऱ्या दिवशी डंकावर कुटायला नेलं."

शिवगंगाचा हात ताटात तसाच राहिला.

लसणात गंधक असतं. कांद्यातही असतं. डोळ्यांतून पाणी काढतं ते तेच. हे तिला अकरावीपासून माहीत होतं. आणि आठवडाभर ती पंख्याची पाती हुंगत होती, पण कोल्हापुरात वैशाखात कांदा-लसणाचा वास आला तर कुणी दचकत नाही. येत नसला तर विचारतात, घरात कुणी आजारी आहे का म्हणून.

"आक्का," ती म्हणाली, "कुठल्या रविवारी?"

"गारा पडल्या त्या. तू म्हायेरी गेलीतीस."

"त्याच्या आधी कधी नेलतं? गेल्या साली?"

"गेल्या साली ऊन व्हतं की! भट्टीत कोन न्हेतंय?" आक्का थांबल्या. "का गं? चेहरा का असा केलायस?"

शिवगंगाला एकाच वेळी हसू आणि घाम आला. गारांचा रविवार म्हणजे पहिला डबा जाऊन तीन महिने उलटल्यावरचा. त्या रविवारी साखर कारखान्याची एक तातडीची कॉइल भट्टीतून काढायची होती. ती बाहेर कोण काढणार, म्हणून तिनंच शनिवारी भट्टीची किल्ली धोंडुबाईच्या हातात ठेवली होती. एरवी किल्ली तिच्या गळ्यात असायची. नियमच होता तसा, केंद्राचा. कारण सापडलं होतं, तारीख सापडली होती, आणि दोन्हींच्या टोकाला ती स्वतः होती.

तिनं सगळं सांगितलं. शशिधर इतका हसला की त्याला ठसका लागला.

"मग बंगळूरला काय सांगणार? आईनं उपग्रहाला फोडणी दिली म्हणून?"

"आमचा मसाला काय इख हाय व्हय?" आक्का कडाडल्या. "आख्खी गल्ली खातीय. अजून कोन आडवं झालं न्हाय!"

"माणसाला काय होत न्हाय आक्का. रबराला होतंय."

"मग रबर बदला!"

बाळाबाई मावशींनी मसाल्याचा आणखी एक गोळा घेतला. आता त्यांना तो भलताच आवडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी शेडीत धोंडुबाई तोंडाला पदर लावून उभी राहिली. "म्याडम, तुमी केमिकल इचारलासा. कांद्याला कोन केमिकल म्हनतंय?"

"माझंच चुकलं. मसाला ठेवलातं का, असं विचारायला पायजे होतं."

"साबनानं लख्ख पुसलीती वो भट्टी. घरच्या तव्यागत."

धैर्यशीलदादांनी ऐकलं आणि ते खुर्चीत बसले. ते दिवसा सहसा बसत नसत.

"मसाला," ते म्हणाले. "आमच्या आईसाहेब असत्या तर म्हणाल्या असत्या, धैर्या, नाव काढलंस." मग थोडा वेळ त्यांनी किल्ल्या वाजवल्या. "असं करा. कामगारानं न विचारता भट्टी उघडली, असं सांगा. कामावरनं काढून टाकलं म्हणा. काढायचं न्हाय, नुसतं म्हणायचं. बाई खुशाल वायंडिंग करत बसू दे. तुमचं नाव कशाला त्यात?"

"न विचारता उघडली म्हटलं तर त्यांचा पुढचा सवाल काय येईल?"

"काय?"

"न विचारता एकदा उघडली, तर आधी किती वेळा उघडली? मग पहिला डबा गेलाच. किल्ली माझ्या गळ्यात होती आणि एकदाच सुटली, तीही मी दिली म्हणून सुटली, असं असेल तरच तो डबा राहतोय. आणि दादा, तसंच झालंय."

"आणि मग तुमचं काय?"

त्याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. केंद्राकडून ज्या माणसाला वर जाणाऱ्या कामाची परवानगी मिळते, त्याच्या हातून देखरेखीत चूक झाली तर ती परवानगी काढून घेतात. काचेच्या खोलीतल्या कामाला त्याचा हात आणि सही चालत नाही. ती परवानगी शेडीत शिवगंगाकडे होती, आणि नुकतीच लागलेली भूमिका नावाची मुलगी बंगळूरला परीक्षा देऊन आली होती, तिच्याकडे.

"साखर कारखाने हाईत की," शिवगंगा म्हणाली. "त्यांना कुणाचा बी हात चालतोय."

शेडीतलं प्रेस मशीन कुणीतरी उगाच बंद केलं होतं, ते दादांनी ओरडून चालू करायला लावलं.

अमरेशला फोनवर सांगितलं तेव्हा लाइन तुटली असं वाटून तिनं हॅलो हॅलो केलं.

"आहे मेडम, आहे. उळ्ळागड्डी?" कांदा, त्यानं कन्नडमध्ये विचारलं, जणू मराठीत ऐकण्यात चूक झाली असावी.

"बेळ्ळुळ्ळी सुद्धा," ती म्हणाली. लसूण.

"हे असं बैठकीत तोंडी नाही चालणार. करून दाखवा. मी येतो."

आणि म्हणून मे महिन्याच्या एका सकाळी आक्का इरकल नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, विळी आणि कांद्याचं टोपलं घेऊन शिरोलीच्या शेडीत आल्या. शेजारच्या कारखान्यातून अगदी तशीच भट्टी मागून आणली होती. तिच्यात जन्मात कधी खायचं काही गेलं नव्हतं. ठरलं ते असं: आधी तिच्यात कप ठेवून बघायचा. तो जमला की त्या रविवारी झालं तसंच सगळं करायचं, साबणानं पुसायचं, आणि पुन्हा कप ठेवायचा.

अमरेश पहिल्या गाडीनं आला. पोरसवदा, चष्म्याचा, हातात कागदांची चळत. आदल्या रात्री भट्टीत ठेवलेला पहिला कप छान जमला होता. त्यानं तो उपडा करून पाहिला, टिचकी मारली, खूण केली. मग तो आक्कांजवळ आला.

"अज्जी, कांदा किती घेतला होता?"

अज्जी म्हटल्यावर आक्का विरघळल्या. "पायलीच्या मसाल्याला लागतोय तेवढा, बाळा."

"म्हणजे किती किलो?"

"आता तू बघ." त्यांनी टोपल्याकडं बोट केलं. "हे असं शीग लावून. लसूण त्याच्या निम्मा. न्हाय, निम्म्याला जरा कमी. धोंडे, कमी न्हवं?"

"कमीच की. लसूण म्हाग व्हता."

अमरेशनं वजनकाटा आणायला लावला. आक्कांनी चिरलं, त्यानं तोललं. मध्येच आक्का मूठभर कांदा वाढवत आणि तो पुन्हा तोलायला लागायचा. "लिहिलं मी, अज्जी, आता नका घालू." "बरं बरं. लिवलंयस तर ऱ्हाऊ दे." आणि त्याची पाठ वळताच आणखी एक मूठ. कांदा चिरताना अमरेशच्या डोळ्यांतून धारा लागल्या. चष्मा काढून डोळे पुसत त्यानं कबूल केलं, की कांद्यात काहीतरी आहे हे त्याला आता मान्य आहे. फक्त साहेबांना पटलं पाहिजे.

भट्टी दिवसभर चालली. वासानं शेजारच्या शेडीतली माणसं जेवणाची सुट्टी झाली का म्हणून डोकावून गेली. संध्याकाळी धोंडुबाईनं साबणानं भट्टी पुसली. अमरेश शेजारी उभा राहून, ती त्या रविवारी नेमकी कशी पुसली होती, हे पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती "आशी" एवढंच म्हणत होती. मग शिवगंगानं त्याच टिनमधलं रबर कालवून नवा कप आत ठेवला.

सकाळी अमरेशनं स्वतः भट्टी उघडली. मोजा घातलेलं बोट कपात लावलं आणि वर उचललं.

तार निघाली.

आनंद झाला की वाईट वाटलं हे शेडीत कुणालाच ठरवता येईना. धोंडुबाईनं तेवढी टाळी वाजवली आणि मग जीभ चावली.

कागद भरायला बसले. झाला प्रकार अमरेशनं इंग्रजीत सरळ लिहिला: भट्टीत कांदा आणि लसूण वाळवल्यामुळे. त्याहून शहाणपणाचं वाक्य त्याला सापडेना. टिन चांगला, असं लिहिलं. मग तो थांबला.

"किल्लीचं," तो हळू आवाजात म्हणाला, "मेडम, मी असं लिहू का, की किल्ली कुणाकडं होती ते नक्की आठवत नाही?"

"मग पहिला डबा राहील?"

अमरेशनं चष्मा नीट केला. "नाही."

"मग लिहा. एकदाच दिली, मी दिली. त्याआधी कधी नाही." तिनं कागद आपल्याकडं ओढला आणि नाव स्वतःच लिहिलं, सुवाच्य, लग्नपत्रिकेवर लिहावं तसं. खाली सही केली. डब्याच्या कागदावरची ती तिची शेवटची सही. दादा खिडकीतून ट्रक मागं घेणाऱ्याला ओरडून शिव्या देत होते. ट्रक कधीचा उभा होता.

आक्कांनी अमरेशला मसाल्याच्या दोन पिशव्या दिल्या. एक त्यानं सील केली, तिच्यावर नंबर टाकला. दुसरीवर तो नंबर टाकायला गेला तर आक्कांनी त्याच्या हातावर चापट मारली. "ती पुराव्याची. ही तुझ्या बायकोला."

बैठक झाली. टिन निर्दोष सुटला, भट्टी बाद झाली, दुसरा डबा भंगारात गेला. पहिला डबा यंत्रात होता तिथंच राहिला. शिवगंगाची परवानगी काढून घेतल्याचं दोन ओळींचं पत्र आलं, शिष्टाचाराला धरून. दादांनी नवी भट्टी घेतली आणि भूमिकेनं राखीव डबा पुन्हा केला. शिवगंगा काचेच्या अलीकडं उभी राहून सांगायची. सांगता सांगता हात आपोआप पुढं जायचे, म्हणून ती ते पाठीमागं बांधून ठेवायची. मुलगी हुशार होती. ओतताना जरा घाई करायची, पण ते वयाचं. शिवगंगानं तिला एकदाच रागावून पाहिलं. काचेतून रागावणं पलीकडं पोचत नाही, नुसतं तोंड हललेलं दिसतं.

उपग्रह सांगितल्या वेळी गेला नाही. असली कामं कधीच सांगितल्या वेळी जात नाहीत. एक पावसाळा गेला, दुसरा लागला. तोवर शिवगंगाच्या हातून तीन साखर कारखान्यांचे ट्रान्सफॉर्मर गेले. आणि एक दिवस पेपरात आतल्या पानावर बातमी आली, उड्डाण झाल्याची. बातमीत कॅमेऱ्यांचं लिहिलं होतं. एक्स-रे मोजणाऱ्या यंत्राचं एक वाक्य होतं. डब्याचं नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. शशिधरनं पेपर दुकानात न नेता घरीच ठेवला, एवढंच.

वर पोचल्यावर लगेच दोन हजार व्होल्ट लावत नाहीत. आतली उरलीसुरली हवा निघून जाऊ देतात, काही दिवस थांबतात. शिवगंगा थांबली. हे दिवस तिनं कुणाला न सांगता काढले. आक्का म्हणायच्या, अलीकडं हिचं मीठ चुकतंय.

मग एका दुपारी काचेच्या खोलीतला फोन वाजला. केंद्राचे फोन तिथंच यायचे आणि परवानगी असलेल्या माणसानं घ्यायचे. शिवगंगा बाहेर धोंडुबाईजवळ उभी होती, एका मोठ्या कॉइलचे वेढे चालले होते. आत भूमिकेनं फोन उचलला, ऐकलं, आणि काचेकडं वळली.

तिचे ओठ हलत होते. शिवगंगाला काही ऐकू येत नव्हतं. तिनं हाताची मूठ उघडून भुवया उंचावल्या: किती?

भूमिकेनं एक बोट वर केलं. हजार. थांबली. फोनवर मान डोलावली. मग पंजा वर उचलून जरासा हलवला: चढवतायत, हळूहळू. आत भूमिका कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली. मग तिनं दोन बोटं वर केली.

शिवगंगानं तळहात आडवा धरला, पालथा. स्थिर आहे का?

भूमिकेनं फोनमध्ये विचारलं. मग तिनंही तळहात आडवा धरला, पालथा, आणि तो जराही हलू दिला नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी दिसत होतं, किंवा काचेचं असेल. ती फोन पुढं करून, आत या, घ्या, अशा खुणा करायला लागली. शिवगंगानं मान हलवली. मग मात्र तिला हसू आलं, आणि ते बराच वेळ तोंडावर राहिलं.

"काय झालं म्याडम?" धोंडुबाईनं तार हातात तशीच धरून विचारलं.

"लागला."

"कोन?"

"डबा. वर चालू झाला."

धोंडुबाईनं मान वर करून शेडीच्या पत्र्याकडं पाहिलं, पत्र्याला तडे गेलेत का बघावं तसं. "आत्ता? ह्या घडीला चालतोय व्हय त्यो?"

"ह्या घडीला."

"आन् आपून हितं."

"आपण हितं."

मग धोंडुबाईनं कॉइलकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्याडम, तुमच्या नादात येढे इसरले की वो मी."

"मग सोडा सगळे," शिवगंगा म्हणाली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली. "पहिल्यापासनं मोजू."